विचारा बिनधास्त: पहिली लेडी डॉक्टर कोण, यावरून घरोघरी वाद

मार्चच्या अंकासाठी इतिहासातल्या कर्तबगार बायकांबद्दल प्रश्न मागवले होते, आणि निम्मे लोक डॉक्टरांवरच येऊन थांबलेत. ठीक आहे, मग तिथूनच सुरू करू.

प्रश्न: मी लहानपणापासून ऐकत आलेय की भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर म्हणजे आनंदीबाई जोशी. माझी सून कोलकात्याची, ती म्हणते कादंबिनी गांगुली. नातवाच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात रखमाबाई राऊत छापलंय. जेवताना रोज हाच विषय. एकदाचं काय ते सांगा. (एक आजी, डोंबिवली)

आजी, सुनेशी तह करून टाका, कारण तुमची दोघींचीही बाजू खरी आहे. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ११ मार्च १८८६ ला एम.डी. मिळाली. कादंबिनीबाईंना त्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजची पदविका मिळाली. एक परदेशात शिकली, एक इथेच शिकली, साल एकच. आता 'डॉक्टर' म्हणजे तुम्ही डिग्री धरता की पेशंट तपासणं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात), बायकांच्या वॉर्डाची नेमणूक मिळाली होती. पण १८८६ च्या शेवटी त्या परत आल्या त्या क्षयाने पोखरून, कामावर रुजू होताच आलं नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं हो.

कादंबिनीबाईंनी मात्र दणकून प्रॅक्टिस केली. १८८८ मध्ये लेडी डफरिन हॉस्पिटलात महिना ३०० रुपये पगारावर लागल्या, तेव्हाच्या मानाने रग्गड पैसे. त्याआधी १८८३ ला चंद्रमुखी बसूंसोबत त्या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या होत्या. मेडिकलला एका पेपरात अडकवल्या गेल्या, त्यामुळे एम.बी. ही डॉक्टरीची पदवी न मिळता वेगळी पदविका मिळाली, आणि त्या पदविकेवरून लोक नाकं मुरडतात म्हटल्यावर बाई १८९३ ला मुलंबाळं घरी ठेवून विलायतेला गेल्या आणि एडिंबरा, ग्लासगो, डब्लिन अशा तीन ठिकाणच्या पदव्या घेऊन आल्या. घ्या म्हणावं आता! मधल्या काळात 'बंगबासी' नावाच्या पत्राने त्या रात्री-अपरात्री पेशंट बघायला जातात म्हणून त्यांच्या चारित्र्यावर लिहिलं होतं. नवराबायको गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, आणि संपादकाला सहा महिने कैद आणि १०० रुपये दंड झाला. आनंदीबाईंचं दुःख आपल्याला शाळेत शिकवतात पण ही केस का शिकवत नाहीत हे मला खरंच कळत नाही, पोरींना ऐकायला मजा येईल.

रखमाबाईंचं शिक्षण लंडनला, १८९४ ला पूर्ण झालं, म्हणजे साल बघितलं तर त्या तिसऱ्यासुद्धा नाहीत. त्यांच्या आधी विशाखापट्टणमच्या ॲनी जगन्नाथम एडिंबराहून शिकून आल्या आणि आपल्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलात काम करत होत्या. त्याही तरुणपणीच गेल्या, १८९४ ला, म्हणून यादीतूनही गळाल्या. नातवाच्या पुस्तकात 'प्रॅक्टिस करणारी पहिली' म्हणून रखमाबाई असतील तर ते चूक, त्याआधी कादंबिनीबाई कामाला लागलेल्या होत्या.

आणि हे सगळं एकदम १८८० नंतरच का घडलं ते पण बघा. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ ला बायकांना वर्गात बसू दिलं, मुंबईच्या ग्रँट मेडिकलने १८८३ ला, कलकत्त्याच्या कॉलेजने त्याच सुमारास. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये बोटीत बसल्या, म्हणजे थोडं थांबल्या असत्या तर मुंबईतच शिकता आलं असतं असं आज वाटू शकतं. पण त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात, हे आपलं नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं, फेब्रुवारी १८८३ मध्ये जे भाषण केलं त्यात स्वतःच सांगितलंय की इथले शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत आणि बायकांवर जळतात. सतरा वर्षांची मुलगी भर सभेत इंग्रजीत हे बोलते म्हणजे बघा.

प्रश्न: गोपाळराव जोशी हे हिरो की व्हिलन? आमच्या वर्गात दोन गट पडलेत. (बी.ए. इतिहासची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तिसरा गट काढ आणि त्यात मला घे.

गोपाळराव पोस्टात कारकून, विधुर, आनंदीपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठे. लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची. शिकवायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं, आणि बदल्या होत गेल्या तसा अभ्यासही गावोगाव फिरला. अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र लिहिलं, मिशनऱ्याने ते धर्म बदला वगैरे उत्तरासकट मासिकात छापलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या तेव्हा त्यांनी ते वाचलं. तिथून पत्रं सुरू झाली, मावशी-भाचीचं नातं जुळलं, आणि आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या थेट या मावशीकडे. म्हणजे डेंटिस्टकडे गर्दी नसती तर काय झालं असतं कोण जाणे.

आता दुसरी बाजू. आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात त्यांनी वयासकट हिशेब मांडलाय. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, चौदाव्या वर्षी सोडून जायची धमकी दिलीत. आकांडतांडव नाही, रडारड नाही, नुसतं वय आणि मार. मी ते वाचलं तेव्हा हिरो हा शब्द डोक्यातून गेला तो गेलाच. आणि चौदाव्या वर्षी अजून एक झालं होतं, बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, नीट औषधपाणी मिळालं नाही. डॉक्टर व्हायचं ते तिथून तिच्या मनात पक्कं बसलं. म्हणून मी म्हणते, हट्ट दोघांचा होता पण कारणं वेगवेगळी होती. त्यांना एक प्रयोग यशस्वी करून दाखवायचा होता, तिला बाळंतिणी वाचवायच्या होत्या, शेवटचा प्रबंधसुद्धा तिने आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरच लिहिला.

माणूस विक्षिप्त होता यात शंकाच नाही. नंतर अमेरिकेत जाऊन तिथल्या समाजावर आणि धर्मावर तोंडसुख घेणारी भाषणं देत सुटले, बायको तिथेच शिकतेय याचा काही पोच नाही. आणि तुझ्या वर्गातल्यांना माहीत नसेल तर सांग, पुण्यातलं पंचहौद चहा प्रकरण घडवणारे गोपाळराव ते हेच. १८९० ला रानडे, टिळक अशा बड्या मंडळींना ख्रिस्ती मिशनमध्ये बोलावलं, चहाबिस्किटं समोर ठेवली आणि मग कोण कोण होतं ती यादी 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली. सगळ्या पुण्याला प्रायश्चित्ताच्या भानगडीत लोटून हा माणूस बाजूला मजा बघत उभा. त्यांच्याशिवाय ती गेली नसती हे मान्य, पण फिलाडेल्फियात धुराने भरणाऱ्या शेगडीच्या खोलीत, नऊवारी नेसून, शाकाहारावर तीन हिवाळे काढले ते तिने एकटीने.

प्रश्न: रखमाबाईंचं लग्न खुद्द व्हिक्टोरिया राणीने रद्द केलं आणि त्यामुळे बालविवाह बंदीचा कायदा झाला असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

काका, फॉरवर्ड करू नका. राणीबिणी मध्ये आली नाही, केस मिटली ती पैशांवर.

झालं असं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लागलं, पण त्या सासरी गेल्याच नाहीत, आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, वाचत राहिल्या. दादाजीने १८८४ ला मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको मला नांदायला पाठवा. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की हा असला दावा मुळात इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून आलेला, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, आणि असहाय वयात लागलेल्या लग्नावर एका तरुण बाईला जबरदस्तीने नांदायला पाठवणं हे रानटीपणाचं होईल. झालं, गदारोळ उठला. टिळकांचा 'मराठा' विरोधात, सुधारक बाजूने, आणि गंमत बघा, आमच्या धर्मात सरकारने हात घालू नये म्हणणारे लोक साहेबाच्या चर्चमधून आलेला कायदा बायकोवर लावा म्हणून ओरडत होते.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग. त्याआधीच त्यांनी 'ए हिंदू लेडी' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली होती, त्यामुळे बाई काय चीज आहे हे मुंबईला कळून चुकलं होतं. पुढे १८८८ ला तडजोड झाली, दादाजीने २००० रुपये घेतले आणि हक्क सोडला. त्याने दुसरं लग्नही केलं. हिला ती मोकळीक नव्हती, आणि तो १९०४ ला वारला तेव्हा हिने विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. हे मला अजूनही पचत नाही, पण तसं झालं.

कायद्याचं म्हणाल तर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, त्यात संमतीचं वय दहावरून बारा झालं. बालविवाह बंदी नव्हे. रखमाबाईंच्या केसने वातावरण तापवलं हे खरंच, पण बंगालमध्ये फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने झालेला मृत्यूही त्यामागे होता. आणि तुम्ही बँकेत होतात म्हणजे कागद बघायची सवय असेल, तर हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ काढून बघा. नांदायला पाठवण्याचा तो दावा आजही तिथे आहे, १९८४ ला सुप्रीम कोर्टाने तो घटनेत बसतो असं सांगितलं.

नंतर त्या लंडनला शिकल्या, सुरतेला हॉस्पिटल सांभाळलं, मग राजकोटला. सुरतेत बायका हॉस्पिटलची पायरी चढायला घाबरायच्या तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीचं बाळंतपण हॉस्पिटलात करून दाखवलं असं सांगतात. ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका. गेल्या १९५५ ला, नव्वदीत.

प्रश्न: फातिमा शेख नावाच्या शिक्षिका खरंच होत्या का? मध्यंतरी सोशल मीडियावर त्या काल्पनिक आहेत असं वाचलं. (प्राथमिक शिक्षक, बीड)

होत्या, सर. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला गेलेल्या असताना १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं, त्यात शाळेचं सगळं फातिमावर पडलं असेल, तिला त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात हे पत्र छापलेलं आहे, शाळेच्या लायब्ररीत असेल तर मुलांना वाचूनच दाखवा. या ओळीच्या पलीकडे जी लांबलचक चरित्रं नेटवर फिरतात, ती मात्र वर्गात सांगताना हात आखडता ठेवा.

प्रश्न: मुलीला 'पहिल्या महिला' वर प्रोजेक्ट करायचाय. वर्गातल्या सगळ्यांनी सावित्रीबाई आणि कल्पना चावला घेतल्यात. कुणीतरी वेगळी सुचवा ना, फोटो मिळतील अशी. (सातवीतल्या मुलीची आई, नाशिक)

नाशिकमध्ये राहून विचारताय? कॉर्नेलिया सोराबजी तुमच्याच गावात जन्मल्या, १८६६ ला. डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर, पहिल्या क्रमांकाला विलायतेची स्कॉलरशिप मिळायची ती मुलगी म्हणून नाकारली. मग तिथल्या काही मंडळींनी वर्गणी काढून त्यांना ऑक्सफर्डला बोलावलं आणि १८९२ ला त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, तिथे असं करणाऱ्या पहिल्या बाई. पण वकिली करता आली नाही, कारण बायकांना वकील होता येतं हे आपल्याकडे कायद्याने मान्य झालं ते १९२३ ला. तोवर पडद्यातल्या राण्या आणि जमीनदारणींच्या इस्टेटीची भांडणं सोडवत राहिल्या. फोटो भरपूर मिळतील. फक्त बाई इंग्रज राजवटीच्या कट्टर समर्थक होत्या आणि गांधींना त्यांचा विरोध होता, टीचरने विचारलं तर उत्तराची तयारी ठेवा.

मुलीला सिनेमाची आवड असेल तर दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई घ्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामती झाले होते साळुंके, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी, १९१३ ला, 'मोहिनी भस्मासुर' मध्ये आई पार्वती आणि पोर मोहिनी झाली. विक्रम गोखले हे कमलाबाईंचे नातू, म्हणजे आजीआजोबांनाही प्रोजेक्टमध्ये रस येईल.

आणि जवळपास मुलीच्याच वयाची कुणी हवी असेल तर मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी, वय चौदा, हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ ला 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आम्हाला धर्मपुस्तक वाचायची बंदी, मग आमचा धर्म कुठला, असं थेट देवालाच विचारलंय. फोटो मिळणार नाही, पण निबंधच चिकटवा की चार्टवर, माझ्या मते सगळ्यांत भारी प्रोजेक्ट तो होईल.

प्रश्न: एम.एस्सी.ला आहे, रिसर्च करायचाय. एका सरांनी तोंडावर सांगितलं की मुली लग्न करून जातात, सीट फुकट जाते. जुन्या काळात कुणी असलं ऐकून पुढे गेलंय का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

गेलंय, आणि समोर साक्षात नोबेलवाला होता. कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची सख्खी बहीण. वडील आणि काका दोघेही केमिस्ट, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. हिने मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला वरचा नंबर काढून १९३३ ला तिथेच अर्ज केला, डायरेक्टर सी. व्ही. रामन यांनी नाही म्हणून कळवलं, मुलगी आहे म्हणून. ही बंगलोरला गेली आणि कारण विचारायला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. शेवटी घेतलं, पण अटी घालून: पहिलं वर्ष प्रोबेशनवर, गाइड सांगेल तेव्हा रात्री-बेरात्री काम करायचं, आणि लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही. ही तिसरी अट तिला जन्मभर टोचत राहिली, म्हातारपणी जाहीर भाषणातही तिने तो अपमान बोलून दाखवला.

वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि नंतर त्यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं हे दाखवलं, १९३९ ला पीएच.डी. घेतली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय बायकांत त्यांचं नाव येतं. परत आल्यावर कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं, नीरा कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना द्यायला कशी चांगली हे सिद्ध केलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या डायरेक्टर झाल्या, आणि त्या खुर्चीपर्यंत पोचायलाही बाई म्हणून उशीर झालाच.

तू त्या सरांच्या भानगडीत पडू नकोस, नेट-सेटचं बघ, आणि दुसऱ्या दोन-तीन गाइडना ईमेल टाक. सरांनी काय म्हटलं ते तारखेसकट लिहून मात्र ठेव.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला मुलाकडे आलोय. आनंदीबाईंची समाधी इकडे आहे असं कळलं. बघायला जाता येईल का? (एक काकू, सध्या एडिसन)

येईल की! त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या रूरल सिमेट्रीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्यात. दगडावर नाव, एम.डी., १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं इंग्रजीत कोरलंय. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो नॉर्थच्या हडसन लाइनने दोनेक तासांत पोकिप्सी, पूर्ण वेळ नदीकाठाने गाडी जाते, डाव्या बाजूची खिडकी पकडा. स्टेशनवरून टॅक्सी करा. रोझेल तर तुमच्यापासून जवळच आहे, मुलगा गाडीने नेऊन आणेल.

फिलाडेल्फियाला जाणार असाल तर ड्रेक्सेल विद्यापीठाचं लेगसी सेंटर आहे, जुन्या मेडिकल कॉलेजचं दप्तर तिथे ठेवलंय. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्यात तो १८८५ चा प्रसिद्ध फोटो त्यांच्याकडचाच. आधी ईमेल करून वेळ घ्यायची, आणि मागताना नाव जोशी असं न लिहिता इंग्रजीत शेवटी दोन 'ई' लावून जोशी लिहा, त्या तशी सही करायच्या, नाहीतर तिथल्या कॅटलॉगमध्ये भलतेच जोशी सापडतील.